स्वच्छ हवेतला खोकला

उभी हयात पिठाच्या गिरणीत काढलेले आप्पा मायदेशी असताना कधी खोकले नाहीत. मुलगा स्थायिक झाला होता त्या देशातली हवा तिकडच्यापेक्षा कित्येक पटींनी स्वच्छ होती. तिथे आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांना खोकला लागला.

मुलाचा व्यवसायच हवा मोजण्याचा. प्रयोगशाळेत तो धूलिकण मोजणारी उपकरणे तपासून देत असे, आणि दोन देशांतल्या राहणीमानाची तुलना हा त्याचा आवडता विषय होता. नळाचे पाणी, रस्त्यावरचा गोंगाट, दवाखान्यातली रांग, जे जे मोजता येते ते त्याने ताडून पाहिले होते आणि दर वेळी पारडे इकडचेच जड भरले होते. जे मोजता येत नाही त्याच्याविषयी कुणी बोलू लागले, तर तो वाद घालत नसे. फक्त पुरावा मागत असे. आई गेल्यावर आप्पांना कायमचे इकडे आणावे, हा निष्कर्ष त्याच तुलनेतून निघाला होता. गिरणी मुलीच्या, म्हणजे ताईच्या, हवाली करून आप्पा आले खरे, पण काही महिने राहून पाहण्याच्या बोलीवर. परतीचे तिकीट अजून रद्द केलेले नव्हते.

दर रविवारी ताईचा फोन येई.

"काय शास्त्रज्ञसाहेब, आप्पांचा खोकला मला इथे ऐकू येतोय. तुमची हवा तर म्हणे अमृत!"

"तपासण्या चालल्यात, ताई."

"चालू देत. इथे पिठाचा धुरळा खाऊन माणूस ठणठणीत होता. हे बघ, खोकला थांबला नाही तर मी येऊन घेऊन जाईन त्यांना. मग बस आलेख काढत."

तो हसला नाही. आप्पा परत गेले तर गिरणीवरच्या त्या खोलीत एकटे राहणार, तो अरुंद जिना रोज चढणार-उतरणार, आणि एक दिवस ताईचा फोन रविवार सोडून येणार, ही भीती त्याला खरोखरच होती. म्हणून कारण सापडायलाच हवे होते.

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला आणि आप्पांकडे पुन्हा एकदा पाहिले. "गिरणीत होतात म्हणता? ही फुप्फुसं तर बागेत वाढल्यासारखी आहेत." त्यांच्यासमोर बसले होते तोवर आप्पा एकदाही खोकले नाहीत.

मग संशय घरावर आला. गालिचा गेला, पिसांच्या उशा गेल्या, कपडे धुण्याची पावडर बदलली, दिवाणखान्यात हवा गाळणारे यंत्र घरघरू लागले.

"आता या घरात जुनी अशी मीच उरलेय," बायको म्हणाली. "मलाही चार दिवस बाहेर ठेवून बघतोस का?"

आप्पा मात्र संकोचून जात. "मला काही होत नाही रे. उगाच पसारा मांडतोस." हे ते हळू आवाजात म्हणत. गिरणीच्या घरघरीवर चढवून चढवून आप्पांचा आवाज असा झाला होता की त्यांची विचारपूससुद्धा समोरच्याला भांडण वाटे. तो आवाज अलीकडे बसला होता. मुलाने तेही लक्षण म्हणून ध्यानात ठेवले.

अखेर एका सुटीच्या दिवशी त्याने उपकरणे बाजूला ठेवली आणि आप्पांवरच नजर ठेवली. बागेत फुलांचे पराग उडत होते. आप्पा दुपारभर तिथे बाकावर बसले आणि खोकले नाहीत. आत येताना मागच्या दारात खोकले. स्वयंपाकघराच्या दारात खोकले. आत कुणीही नव्हते. एकदा आत शिरले की घसा स्वच्छ.

दारे! चौकटींचा रंग खरवडून त्याने प्रयोगशाळेत तपासला. रंगात काही नव्हते. डोंगर पोखरून झाला होता, उंदीरसुद्धा निघाला नव्हता. त्या संध्याकाळी तो आप्पांच्या खोलीत जाऊन बसला.

"आप्पा, दारात आलं की घशात नेमकं काय होतं? खाज? जळजळ?"

आप्पांना हसू आले. "घशात कशाला काय होईल? तूच नाही का सांगितलंस?"

"मी?"

"अरे, मी आलो त्याच आठवड्यात. तू पडद्यावर तुझ्या मंडळींशी बोलत होतास. मी आपला बनियनवर आलो आणि विचारलं, चहा टाकू का म्हणून. तू आवाज बंद केलास आणि म्हणालास, आप्पा, ही गिरणी नाही, आत यायच्या आधी निदान खाकरत तरी जा." त्यांनी मान डोलावली. "बरोबरच होतं तुझं. आता कुठल्या खोलीत तू कधी कुणाशी बोलत असशील, मला कसं कळणार? म्हणून सगळीकडेच खाकरतो. जोरात होतं का फार?"

स्वरात तक्रार नव्हती. दळण जाडसर हवे की बारीक, हे गिऱ्हाइकाला विचारावे तितक्या सरळपणे त्यांनी विचारले होते.

त्याला सगळे आठवले. त्या दिवशी तो दोन देशांच्या राहणीमानावरच बोलत होता. पडद्यावरचे कुणीही हसले नव्हते. एकीने तर आप्पांना हात हलवला होता. कानशिले फक्त त्याची तापली होती. आवाज पुन्हा सुरू करून तो म्हणाला होता, "माफ करा, घरी पाहुणे आलेत."

"आप्पा, आता खाकरू नका," तो कसाबसा म्हणाला.

"बरं," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून खोकला थांबला. संध्याकाळी तो कामावरून आला, तेव्हा आप्पा रिकामा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभे होते. आत सून फोनवर बोलत होती. तिचे बोलणे संपण्याची ते वाट पाहत होते, आणि किती वेळ ते त्याने विचारले नाही.

रविवारी ताईचा फोन आला.

"आज खोकला नाही! औषध लागू पडलं वाटतं. कशानं होता रे?"

हवापालट, वय, घशाची कोरड, अशी उत्तरे जिभेच्या टोकावर होती. एकही खोटे ठरवता आले नसते.

"तिकीट मी रद्द करत नाही," तो म्हणाला. "राहायचं की जायचं, ते आप्पा ठरवतील."

"मी काय विचारतेय? कारण काय निघालं?"

"मला माझ्या इकडच्या माणसांसमोर आप्पांची लाज वाटली. खोलीत येण्याआधी खाकरत जा, असं मी त्यांना सांगितलं. ते खाकरत होते."