दोन दारांचा नियम

मुर्री गावातल्या नामसप्ताहाचा शेवटचा दिवस. काल्याचं कीर्तन दहाला उभं राहिलं, बुवांनी नमनाचा अभंग नुकताच उचलला होता, आणि चौथ्या रांगेत टाळ घेऊन उभ्या असलेल्या वीरेंद्रच्या खिशातला फोन थरथरला. गोंदियाहून ओमेशचा फोन.

एका ट्रस्टच्या रक्तपेढीची वेबसाइट वीरेंद्र घरून सांभाळायचा. ओमेश पेढीत बसायचा. दवाखान्यातून मागणी आली की तिला नंबर पडायचा आणि त्या नंबराशिवाय पिशवी बाहेर निघायची नाही. गेल्या साली फोनवरच्या मागणीत रक्तगट ऐकताना चूक झाली होती. पिशवी लावायच्या आधी कळलं म्हणून निभावलं. तेव्हापासून हा दंडक.

"वीरेंद्रभाई, पहाटेपासून खोट्या मागण्या येऊन राहिल्या. कोणतं तरी मशीन धाडून राहिलं, मिनिटाले हजार. खऱ्या मागणीले जागाच नाही. कुछ करो जल्दी."

मंडपामागंच घर. वीरेंद्रनं लॅपटॉप उघडला. खरी मागणी दोनच वाटांनी येऊ शकते. एक दवाखान्यांच्या कॉम्प्युटरवरून. त्यांचे पत्ते त्याच्याकडे होते. दुसरी आरोग्यसेविकांच्या मोबाइल ॲपवरून. त्या मागणीवर ॲपची खूण असते. त्यानं नियम लिहिला: पत्ता दवाखान्याचा नसेल किंवा ॲपची खूण नसेल, तर मागणी दारातूनच परत. नियम साइटवर चढवला तसा पडद्यावरचा भार धाडकन खाली आला. वीरेंद्रनं मनातल्या मनात विठ्ठलाला हात जोडले आणि टाळ घ्यायला परत गेला. गर्दी ओसरली म्हणजे काम झालं, असं त्यानं धरलं.

अकराला पाच कमी असताना अनोळखी नंबर आला.

"मी तिरोड्याच्या दवाखान्यातून सिस्टर टीना बोलून राहिली. ओमेश सरनं नंबर देला. बोदलकस्याची रुख्मिणी, सकाळी बाळंत झाली. रक्त थांबून नाही राहिलं. दोन पिशव्या पाहिजे आणि मागणी जातच नाही. परवानगी नाही म्हणते."

"मोबाइलवरून पाहा न सिस्टर."

"दोन्हीकून पाहिलं जी. चार चार बार." मागून कुणीतरी बाईला हाक मारत होतं, डोळे उघड, रुख्मिणी, डोळे उघड.

वीरेंद्र धावतच घरी आला. ओमेशनं फोनवर सांगितलं, नियमच काढून टाका. काढला. दोन मिनिटांत खोट्या मागण्यांनी साइट पुन्हा गच्च झाली, टीनाचं पान अर्ध्यावर गोठलं. त्यानं नियम परत चढवला. अकरा वाजून सात मिनिटं. तिरोड्याची गाडी पेढीच्या दारात इंजिन चालू ठेवून उभी होती, पिशव्या फ्रिजमध्ये होत्या, आणि मधे त्याची एक ओळ होती.

ती ओळ त्यानं पाच वेळा वाचली. पहिला तुकडा बरोबर. दुसरा तुकडाही बरोबर. मग अडतंय कुठं?

नंदाबाई, त्याची माय, दहीलाह्यांनी भरलेलं गंज न्यायला आत आली. सप्ताहात बायांच्या दारावर तीच उभी राहायची.

"टाळ टाकून कायले बसला गा? बुवा रंगात आले."

"माय, तिकडं एक बाई मरून राहिली. माहा नियम कोणालेच अंदर येऊ नाही देऊन राहिला."

"काय नियम केला तू?"

त्यानं सांगितलं. तिला सगळंच कळलं नाही, पण दोन वाटा म्हटल्यावर तिनं गंज खाली ठेवलं.

"आपल्या मंडपाले दोन दारं. एक बायांचं, एक माणसांचं. तू म्हणतं, बायांच्या दारानं नाही आला, नाहीतर माणसांच्या दारानं नाही आला, त्याले हाकला. मी कोणत्या दारानं आली?"

"बायांच्या."

"म्हणजे माणसांच्या दारानं नाही आली. हाकल मले. बुवा बायांच्या दारानं नाही आले, त्यायलेही हाकल. मंग कीर्तन कोण करन, तू?"

वीरेंद्रनं पडद्यावरची ओळ पुन्हा पाहिली.

"याही दारानं नाही आणि त्याही दारानं नाही, कनात उचलून घुसला, त्याले हाकलाचं. तेवढंच तर सांगतो आम्ही पोरायले," असं म्हणून ती गंज उचलून गेली.

त्यानं 'किंवा' खोडून 'आणि' घातलं. बोट चढवायच्या बटणावर गेलं आणि थांबलं. मघाशीही अशीच घाई झाली होती. सप्ताहाच्या पत्रिकेमागं त्यानं चार ओळी काढल्या: नुसता दवाखाना, नुसतं ॲप, दोन्ही, दोन्हीही नाही. एकेक ओळ नव्या नियमातून बोटानं पार केली. पहिल्या तीन आत. चौथी बाहेर. मग चढवला.

"सिस्टर, आता धाडा."

"चक्र फिरून राहिलं." मंडपात गजर वाढला होता. "अजून फिरून राहिलं जी." मग ती एकदम आकडे वाचायला लागली. नंबर पडला होता.

अकरा बावीस. ओमेश म्हणाला, "गाडी निघाली. चाळीस मिनट." मग विचारलं, "वरती ट्रस्टले काय लिहू? लाइन गेली होती, असं लिहितो."

"नका लिहू. माहा नियम चुकला, पाऊण तास खऱ्या लोकायलेही अडवलं, असं लिहा. अन् अडवलेल्यायची यादी काढतो मी."

यादीत हजारो खोट्या मागण्या आणि त्यांत अकरा जणांच्या खऱ्या. टीना सोडून दहा जण. वीरेंद्रनं एकेकाला फोन लावायला घेतला. मी रक्तपेढीकून बोलून राहिलो, चूक आमची होती, मागणी परत धाडा. एका डॉक्टरानं त्याला चांगलंच फैलावर घेतलं. त्यानं ऐकून घेतलं.

सातवा फोन संपतो न संपतो तोच टीनाचा आला.

"पहिली पिशवी लागली. बीपी वर येऊन राहिला. आता रुख्मिणी विचारून राहिली, पोरगा का पोरगी."

"काय आहे?"

"पोरगी."

वीरेंद्रनं डोळे मिटून हात जोडले. मग यादीतला आठवा नंबर लावला.