जादाचा वायसर

माणूस गेलं की रडायचं, एवढं साऱ्या जगाला कळतं. शिरड शहापूरच्या पलीकडच्या तांड्यावर मात्र त्याचीही एक रीत आहे. बऱ्याच दिवसांनी बहीण भावाला भेटली की आधी पाणी नाही, ख्यालीखुशाली नाही. ती त्याच्या गळ्यात पडते आणि सुरात रडते. त्या रडण्यात एकेकाचं नाव येतं. आधी याडीचं, म्हणजे आईचं, मग बापाचं, मग घरातून जे जे गेलं त्याचं, आणि शेवटी जे नुकतंच गेलं त्याचं. पुरुषानं फक्त उभं राहायचं. त्याच्या वाटचंही तीच रडते. एवढं झालं म्हणजे भेट झाली, नाहीतर दोघं नुसतीच समोरासमोर उभी राहिली असं समजायचं.

सुदामची बायको बेबीबाई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तिचं रडणं अजून बाकी होतं.

तांड्यातल्या बायका रडल्या, सून रडली, बेबीबाईच्या माहेरचे येऊन रडून गेले. पण सुदामच्या वाटचं जिनं रडायचं ती त्याची थोरली बहीण जिवनबाई आलीच नाही. ती औंढ्याच्या वाटेवर, माळावरच्या तांड्यात राहायची. लांब नव्हतं, मोटारसायकलनं गेलं तर चहा गार व्हायच्या आत पोचावं असं. पण दोन्ही घरांतल्या पोरांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं.

भांडण कशावरून, तर फेट्यावरून. जिवनबाईच्या नातीच्या लग्नात तिच्या पोरानं, भीमसिंगनं, पहिला फेटा मामाच्या घराला बांधायचा सोडून सरपंचाला बांधला. सुदामचा मुलगा धर्मसिंग म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा. त्यानं आपल्या वाट्याचा फेटा मांडवातच काढून टाकला आणि बापाला घेऊन निघाला. सुदाम मुलामागं निघाला खरा, पण मांडवाच्या दारात उभ्या असलेल्या बहिणीकडं त्याला वळून बघता आलं नाही. चार हात कापडासाठी दोन शहाण्या माणसांनी म्हाताऱ्या बहीणभावाची ताटातूट केली, आणि वर दोघंही आपण घराण्याची इज्जत राखली म्हणून मिशीला पीळ देत फिरले.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला बेबीबाई गेली. पाठोपाठ सुदामच्या छातीत कळ आली. नांदेडच्या डॉक्टरांनी तार घालून नळी मोकळी केली आणि सायकल दामटायची नाही, चढ चढायचा नाही, असं बजावलं. छाती मोकळी झाली असं सगळे म्हणाले. सुदामला ते पटत नव्हतं. बेबीबाई तिथंच अडकून बसली होती आणि ती काही डॉक्टरांच्या तारेनं निघणार नव्हती. त्याला रडायला येत नव्हतं. रात्रंदिवस त्याला एकच ओढ लागली होती, की बहिणीच्या दारात जावं, तिनं गळ्यात पडावं आणि बेबीबाईचं नाव घ्यावं.

त्यानं धर्मसिंगला दोनदा विचारून पाहिलं. पहिल्यांदा तो उठून बाहेर गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, त्यांचं कोणी आईच्या मातीला आलं न्हाई, आपण काहून जायचं. तांड्यातल्या रिक्षावाल्या पोरांनाही त्यानं सांगून ठेवलं होतं. बसनं जावं तर ती फाट्यावर सोडायची, आणि फाट्यापासून पुढं सगळा चढ.

सुदामचं सायकलीचं दुकान होतं, शिरडच्या बसथांब्याजवळ. आता सायकली येत नव्हत्या, मोटारसायकलींचे पंक्चर यायचे. दुकानात त्याची स्वतःची जुनी काळी सायकल टांगलेली होती. आजवर बहिणीकडं तो ह्याच सायकलीवर गेला होता, मागं कॅरियरवर बेबीबाई. चढाला ती उतरायची, मागून ढकलायची आणि वर पोचेपर्यंत त्याच्या दमाची टिंगल करायची. तांडा दिसू लागला की तो घंटी वाजवायचा, आणि ती ऐकून जिवनबाई हातातलं काम टाकून वाटेवर यायची. सुदामला जायचं होतं ते असं. दुसऱ्याच्या गाडीत बसून नव्हे.

शेजारी चाँद पाशाचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. साध्या सायकलीला बसवायचं विजेचं किट मिळतं हे त्यानंच सांगितलं. मागच्या चाकाच्या जागी आत मोटार बसवलेलं चाक, एक बॅटरी, एक कंट्रोलर, मुठीला एक्सलेटर. पायडल न मारता चढ चढते म्हणाला. सुदामनं त्याला ते तिथल्या तिथं मागवायला लावलं.

किट आलं त्या दिवसापासून दोघं म्हातारे त्याच्यात गुंतले. तारा चाँद पाशाच्या आणि चाक सुदामचं, अशी वाटणी झाली. बॅटरी कॅरियरवर बांधणं सोपं होतं, चाँद पाशानं तसं सुचवलंही. सुदाम नाही म्हणाला. त्यानं सायकलीच्या नळीला पट्ट्या मारून बॅटरी दोन पायांच्या मधे बसवली आणि त्यापायी एक अख्खा दिवस घालवला. कॅरियरवर बेबीबाईनं शिवलेली गोधडीची घडी होती, ती तशीच राहिली. चाँद पाशा समजला.

चाक बसवताना मात्र सुदाम कुणाचं ऐकणार नव्हता. त्याचे केस त्यातच पांढरे झाले होते. एक्सल खाचेत, दोन्हीकडून नट, पान्याला अंगाचा भार देऊन शेवटचा पीळ. संपलं. खाली पुडीत दोन वायसर उरले, लोखंडाच्या जाडजूड चकत्या, आतून प्रत्येकाला एक दात असलेले.

"सुदामभाई, हे दातवाले वायसर काहून राहून गेले?" चाँद पाशानं विचारलं.

"जादाचे हायेत. कंपनीवाले टाकतात येखादी चीज जास्तीची."

"बघ बरं. कागदावर चित्र हाय त्याचं."

"पाशा, माझ्या हातचा एक्सल आजपातूर कवा हलला का? चाक फिरत असतं, एक्सल न्हाई."

चाँद पाशानं तारांकडं लक्ष वळवलं. वायसर सुदामनं डब्यात टाकले, बाकीच्या जादाच्या चिजांबरोबर.

धर्मसिंगला वाटलं, बापानं दुकानात यायला-जायला सोय केली. तो खूश झाला, गावभर सांगत सुटला. सुदामनं दोन-चार दिवस दुकान ते तांडा अशी सायकल चालवली. सपाट रस्त्यावर ती पाण्यावरून जावी तशी जायची. मग एका सकाळी दुकान न उघडता तो सरळ औंढ्याच्या रस्त्याला लागला.

हळद शिजवायचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कढया लागलेल्या, वाफा वर चाललेल्या, वावरात हळद वाळत पडलेली. सुदामला अंगात आल्यासारखं झालं. पाय नुसते ठेवलेले आणि सायकल पळतेय. मागं कुणी बसलंय असा त्याला एक-दोनदा भास झाला, आणि तो भास जावा असं वाटेना म्हणून त्यानं मागं पाहिलं नाही. बहीण कशी येईल, डोक्यावरचा पदर कसा सावरेल, आधी याडीचं नाव घेईल, मग बापाचं, आणि शेवटी बेबीचं. इतक्या महिन्यांचं छातीवरचं ओझं तिथं उतरायचं होतं.

फाट्यावरून चढ सुरू झाला. त्यानं मूठ पूर्ण पिळली. मोटार घुमली, सायकल चढली, अर्धा चढ मागं पडला. आणि मागून कटकन आवाज आला. मूठ पिळली तरी काही होईना. सायकल मागं घसरायला लागली तेव्हा सुदामनं पाय टेकले.

खाली वाकून बघितलं आणि त्याला कळलं. एक्सल खाचेत गरकन फिरला होता आणि त्याच्यातून निघालेली तार त्यानं स्वतःभोवती पिळून तोडली होती. साध्या सायकलीत जोर माणसाच्या पायातून साखळीवर आणि साखळीवरून चाकाला येतो, एक्सल बिचारा नुसता जागेवर बसलेला. इथं जोर आतूनच सुटत होता. चाकाला पुढं लोटायचं तर एक्सलला कुठंतरी घट्ट अडकलेलं असावं लागतं. त्या दातानं खाचेत बसून तेच करायचं होतं. ज्याला चाकातलं काही कळत नाही अशा माणसानं चित्र बघून वायसर घातला असता आणि आतापर्यंत तो वर पोचला असता. सुदामला स्वतःला शिव्याही द्याव्याशा वाटेनात. त्यानं पाना काढून नट पुन्हा आवळले, चार पावलं सायकल ढकलली आणि छाती भरून आली म्हणून रस्त्याच्या कडेला बसला. वर तांड्याची लिंबं दिसत होती. इथून परत फिरावं लागलं तर पुन्हा येणं होणार नाही, हे त्याला पक्कं कळून चुकलं.

खालून एक मोटारसायकल आली. पुढं गेली, थांबली आणि हळूहळू मागं आली. भीमसिंग होता. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. सुदामनं तोंड वळवलं नाही, आणि भीमसिंगनंही नाही. त्यानं तुटलेली तार बघितली, मामाचा चेहरा बघितला. जड मोटारसायकल, चढाचा रस्ता आणि सायकल. त्याला एकच उपाय होता, तो गावोगाव सगळे करतात, मोटारसायकलवर बसून पायानं सायकल पुढं लोटत न्यायची. पण मामाच्या सायकलीला पाय लावायचा म्हणजे विचारायला हवं.

"मामा, पाय लावू का सायकलीला?"

एवढ्या दिवसांत त्या घरातून आलेला हा पहिला शब्द. सुदाम उठून सायकलीवर बसला.

"लाव," तो म्हणाला.

भीमसिंगनं उजवा पाय कॅरियरच्या दांड्याला टेकवला. गोधडीला लागू नये म्हणून तो वाकडा बसला होता, हे सुदामच्या लक्षात आलं. सायकल वर निघाली. तांडा दिसला तसा सुदामनं घंटी वाजवली.

जिवनबाई आली. हात हळदीनं पिवळे, तसेच पुढं धरलेले. तिनं आधी कॅरियरकडं बघितलं, सवयीनं, आणि मग भावाकडं. सुदाम उतरून तिच्यासमोर उभा राहिला, जसं उभं राहायचं असतं तसा. ती आली नाही. पोराला म्हणाली, मामाला सावलीत बशीव, पानी दे. आणि आत वळली.

 सुदाम बाजेवर बसला, पाणी प्यायला. "बाई," तो शेवटी म्हणाला, "रडणार न्हाईस का?"

जिवनबाई दारात येऊन बसली.

"माझं रडून झालं, सुदाम."

"कवा?"

"भोजाई गेली त्याच्या तिसऱ्या दिशी. तुझ्या तांड्याच्या येशीला. हा भीमसिंग संगं व्हता. म्हनला, तिकडून कोनी हाक मारली तरच पाय पुढं टाकायचा. तुझ्या धर्मसिंगनं आमाला बघितलं, आन् तो आत गेला. सांजपातूर उभी व्हते. कोनी हाक मारली न्हाई. मंग तितंच लिंबाखाली बसले आन् रडले. याडीपून समद्यांची नावं घेतली. भोजाईचं घेतलं. येका मरनाचं दोनदा कसं रडावं?"

भीमसिंग खाली मान घालून सायकलीपाशी उभा होता. पिळलेली तार बोटांनी सरळ करत होता, जिचं आता काही होणार नव्हतं.

सुदामला ती सांज आठवली. दुरून कुणा बाईचं रडणं कानावर आलं होतं. सूर ओळखीचा वाटला म्हणून कोण रडून राहिलं असं त्यानं सुनेला विचारलं, तर धर्मसिंग आतून म्हणाला होता, असंल कुणी. आणि तो पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडला होता. म्हणजे वर्षभर ज्याची वाट पाहिली ते त्याच्या दारापर्यंत येऊन गेलं होतं. त्यानं ते ऐकलंही होतं.

तो उठला. पुरुषानं करायची गोष्ट नव्हती आणि त्याला ती येतही नव्हती. पण आता त्याच्या वाटचं रडायला कुणीच उरलं नव्हतं. त्यानं डोळे मिटले आणि बायकांच्या त्या सुरात, फाटक्या आवाजात, सुरू केलं.

"बेबी... अगं बेबी..."

सूर लागेना. शेजारच्या झोपडीतून दोन बाया डोकावल्या, एक पोरगं फिस्स करून हसलं. सुदाम थांबला नाही. तू चढाला ढकलायचीस, म्हणाला, आता चढ तसाच हाय. गोधडी तशीच हाय. पुढं काय म्हणायचं ते सुचेना, तर पुन्हा तिचंच नाव.

"येड्या," जिवनबाई दारातून म्हणाली. "आधी याडीचं नाव घेत असतात."

त्यानं याडीचं घेतलं. मग बापाचं विसरून मोठ्या भावाचं घेतलं, आणि दम लागून अडखळला. एवढं वाकडंतिकडं रडणं तिच्यानं ऐकवलं नाही. ती उठली, पिवळ्या हातांनी त्याच्या गळ्याला मिठी घातली आणि जिथं तो चुकला होता तिथून सूर उचलला. बापाचं नाव आलं. थोरल्याचं आलं. धाकट्या बहिणीचं, काकाचं, जे जे गेले त्यांचं एकेक करून आलं, आणि सुदाम कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा मोठ्यानं रडू लागला. शेवटचं नाव राहिलं तेव्हा जिवनबाई थांबली, आणि ते तिनं त्याला घेऊ दिलं.