पालथा बोर्ड

तीस वर्षं काकाने सर्किट बोर्ड पेन्सिलीने आखले, तेही खालच्या, तांब्याच्या बाजूने, म्हणजे आरशात दिसावेत तसे उलटे. आता कारखान्याने बजावलं होतं, कॉम्प्युटरवर आखलेला बोर्ड चालवून दाखवा, नाहीतर घरी बसा.

शिकवायला पुतणी बसली. "काका, माऊस आहे तो, गळा काय दाबतोस त्याचा!"

"गप गं, आगाऊ कुठली!"

सॉफ्टवेअरमधले सुट्या भागांचे तयार आकार त्याला परके वाटले. चिपच्या आठ पायांची भोकंसुद्धा त्याने स्वतःच मांडली. पुतणीला केवढा अभिमान वाटला!

आज बोर्ड छापून आला, हिरवागार, देखणा. काकाने चिप बसवायला घेतली आणि त्याचा हात थबकला. पहिला पाय आठव्याच्या भोकावर येत होता. सॉफ्टवेअर बोर्ड वरून दाखवतं, काकाने सवयीने खालून आखला होता. नवा यायला पंधरा दिवस लागणार होते आणि मुदत उद्याची होती.

"चिप पालथी घालून बसेल की!" पुतणी घाईघाईने म्हणाली.

"बसेल. पण साहेबांना काय सांगू? बोर्ड सरळ आहे, मीच पालथा?"

ती हसली नाही. काकाने पेन्सिल खिशातून काढून तिच्या कंपासपेटीत ठेवली.

"तुझ्या आईला सांग, परवापासून माझा डबा नको."