मनोंगचं कार्ड

फिलिपिन्समधल्या आमच्या इलोइलोची माणसं भांडतानाही साखर पेरतात. बाहेरच्यांना याचं फार कौतुक. त्यांना आमच्यासोबत काम करावं लागत नाही, म्हणून.

आम्ही बोटीच्या तिकिटांचं ॲप बनवतो. आमच्या ऑफिसात एका भिंतीवर कार्डं लावलेली असतात. एका कार्डावर एक काम, प्रवाशाला काय हवं तेवढंच. सर्वांत वरचं कार्ड आधी हातात घ्यायचं. वरखाली काय लावायचं ते जेर्लिन ठरवायची. ती नवी होती, अजून कायम झालेली नव्हती. बोट रद्द झाली की प्रवाशाच्या फोनवर आधी निरोप गेला पाहिजे, हे काम तिला शुक्रवारी बोटकंपनीच्या मालकाला चालू करून दाखवायचं होतं. दाखवलं तर नोकरी राहणार, नाहीतर जाणार. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

ते काम जमेल असा माणूस एकच, डेल्फिन. वयाने सर्वांत मोठा, म्हणून सगळ्यांचा मनोंग, म्हणजे थोरला भाऊ. त्यानेही मध्ये एक कार्ड लिहिलं होतं, बोटीचं चित्र बघून खुर्ची निवडण्याचं. जेर्लिनने ते निरोपाच्या कार्डाखाली लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ते सर्वांत वर. तिने खाली आणलं, सकाळी पुन्हा वर. मग तिने नाद सोडला. थोरल्या माणसाला जाब कसा विचारायचा? मनोंग मुकाट्याने खुर्च्या करत बसला.

गुरुवारी दुपारी बाचोयचे, म्हणजे नूडल्सच्या सुपाचे, वाडगे पुढ्यात आले तेव्हा तो जेर्लिनला म्हणाला, "इंदाय, पोरी, झाल्या बघ तुझ्या खुर्च्या."

"माझ्या? मनोंग, त्या तर तुमच्या. मला निरोपाचं काम हवं होतं."

"अगं, मलाही तेच करायचं होतं. माझं कार्ड मी रोज संध्याकाळी खाली लावून जायचो. सकाळी येतो तर वर. म्हटलं, पोरीला एवढी हौस आहे, तर आपण कशाला मोडता घाला."

मला दोघांचाही राग आला. आमच्यातलीच जेम्मा मान खाली घालून नूडल्स चिवडत होती.

शुक्रवारी मालकाने खुर्च्या बघितल्या, छान म्हणाला. मग विचारलं, "आणि बोट रद्द झाल्याचं लोकांना कळणार कसं?" जेर्लिनने ते काम राहून गेल्याचं सांगितलं.

संध्याकाळी ती टेबल आवरत होती. "आता जातेच आहे," ती म्हणाली, "तर सांगून टाका. कार्ड वर कोण लावत होतं?"

जेम्माने हात वर केला. मग तिच्या शेजारी बसणाऱ्या आर्नेलने.

"थोरल्या माणसाचं कार्ड खाली बरं दिसत नव्हतं, मॅम," आर्नेल म्हणाला.

"मी ते खाली लावलं होतं हे दिसत होतं ना तुम्हाला? मग एकदा तरी बोलायचं."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," जेम्मा म्हणाली.

जेर्लिनने जेम्माचे आभार मानले, आणि पिशवी उचलून निघून गेली.