छिन्नीचा घाव

आग विझवणाऱ्या बंबातल्या पंपाचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, वहिनीने सकाळीच उरकला होता. झिजलेल्या लोखंडावर रेतीचा मारा करून ते खरबरीत करायचं आणि वर वितळलेल्या सिरॅमिकची फवारणी करायची. थर असा बसतो, की कानसही त्यावरून घसरते. मापं बरोबर होती, तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

रेती मारताना हवेचा पाइप मध्येच थुंकल्यासारखा वाटला होता. पाणी होतं, तेल होतं की नुसता भास? तेलाचा पुसट डाग राहिला, तरी थर खाली धरत नाही. आज घट्ट दिसतो आणि चालू पंपात त्याचे पापुद्रे सुटतात.

"वन्सं, तो शाफ्ट मला बरोबर वाटत नाही."

वर्कशॉप नणंदेचं. तिने फोनमधून मान वर काढली. "कुठे बिघडलाय?"

"दिसत नाहीये कुठे."

"मग झालं तर! उगाच डोकं खाऊ नकोस. फायर ब्रिगेडचा मेकॅनिक न्यायला येतोय, बंब उभाय त्यांचा."

वहिनीने शाफ्ट कागदात गुंडाळला, सोडला, नखाने वाजवला, पुन्हा गुंडाळला. थर धरलाय की नाही, हे कळायचा एकच मार्ग होता: तो फोडायचा. नणंद जेवायला वरच्या मजल्यावर गेली, तशी हिने छिन्नी कडेला टेकवली आणि मन बदलायच्या आत घाव घातला.

नखाएवढा टवका उडाला. पण भोवतीचा थर जागचा हलला नाही. दुसऱ्या टोकाला घाव घातला, तिथेही तेच. तेल नव्हतंच.

"अगं, काय करून बसलीस!" नणंद जिन्यातच थबकली.

"थर चांगला होता."

"चांगला होता म्हणून फोडलास?"

"फोडल्यावर कळलं."

नणंद काही बोलणार, तोच मेकॅनिक दारात. वहिनीला वाटलं, आता सगळं आपल्यावर शेकणार. पण नणंदेने पदराला हात पुसले. "आमचं काम व्हायचंय अजून."

"म्हणजे? आग काय आम्हाला विचारून लागते?"

"मीच फोडलाय," वहिनी पुढे झाली. "शंका होती."

त्याने फुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. त्याचा राग उतरला नव्हता, तरी त्याने स्टूल ओढलं. "करा मग. मी हलत नाही इथून."

उरलेला थर उतरवून, पाइप बदलून वहिनीने सगळं पहिल्यापासून केलं. अंधारून आल्यावर मेकॅनिक शाफ्ट खांद्यावर टाकून निघाला.

"मिटली ना एकदाची हुरहुर?" नणंदेने विचारलं.

वहिनी मान डोलावणार होती. मग तिच्या लक्षात आलं, हा दुसरा थर तर फोडून बघितलाच नाही. ती दाराकडे धावली. मेकॅनिकची गाडी केव्हाच वळणाआड गेली होती.

पुढच्या आठवड्यात मेकॅनिकचा फोन आला. दोन आगी विझवल्या, पंप झकास चालतोय.

"आवाज कसा येतोय?" वहिनीने विचारलं.