'काहीही'मध्ये मी नव्हतो

मी दातांचा एक जुना ब्रश आहे. केस विस्कटलेले, मान जराशी वाकडी. पण मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट तीन दिवस मी कोरा करकरीत असताना काढले, रुग्णालयातल्या एका खणात.

शिलाईकाम करणाऱ्या एका आजींना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांच्या लेकीने घाईघाईत मला विकत आणले. पण खाटेवर पाटी लागली होती : 'तोंडावाटे काहीही देऊ नये.' आजींना गिळता येत नव्हते, घास श्वासनळीत जाण्याची भीती होती. लेक सरळमार्गी. काहीही म्हणजे काहीही, असे समजून तिने मला खाटेशेजारच्या खणात ठेवले.

खणाच्या फटीतून मला आजींचे तोंड दिसे. जन्मभर दोरा तोडून पुढच्या दाताला खाच पडलेली. पहिल्या दिवशी ओठ सुकले. दुसऱ्या दिवशी जिभेवर पांढरा थर चढला. तिसऱ्या दिवशी छातीत घरघर सुरू झाली. जंतूंना काही कोणी पाटी लावली नव्हती! ते लाळेबरोबर फुफ्फुसात उतरत होते. मी वीतभर अंतरावर होतो, पण मला हात नव्हते. माझा जीव नुसता तुटत होता.

दुपारी ताप चढला. सुट्टीवरून परतलेल्या सिस्टरने आजींचे तोंड उघडून पाहिले आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"ताई, यांचे दात कधी घासलेत?"

"अहो, पाटीवर लिहिलंय ना, काहीही देऊ नका म्हणून!"

"देऊ नका म्हटलंय, घासू नका नाही. खाणं बंद असलं की तोंड आणखी जपायचं असतं. ब्रश कुठाय?"

खण उघडला. सिस्टरने खाटेची डोक्याकडची बाजू उंच केली, आजींचे तोंड एका बाजूला वळवले. मला जेमतेम ओले केले आणि नळीने लाळ ओढून घेत हळूहळू फिरवले.

"माझ्यामुळे झालं का हो हे?" लेकीने विचारले.

"आता रडू नका, शिकून घ्या," असे म्हणून सिस्टरने मला तिच्या हातात दिले.

छातीचा फोटो आला. न्यूमोनियाने पाय रोवले होते. औषधे सुरू झाली. लेक न चुकता मला उचलत होती, सिस्टरने दाखवले तसे हळूहळू फिरवत होती. सहा दिवस ताप चढला, उतरला, पुन्हा चढला. सातव्या सकाळी आजींनी मला अचानक दातांत गच्च धरले, दोरा तोडताना धरतात तसे. कपाळ गार होते. लेक हसता हसता रडली.

मित्रांनो, तुमचे कोणी असे अंथरुणाला खिळले असेल, तर सिस्टरना विचारा आणि तो खण उघडून बघा. आत माझा एखादा भाऊबंद वाट पाहत असेल. त्याला हात नाहीत.