पूर्वेकडची भिंत

"पुन्हा पुढं ढकललं च्यायला," लिफ्टमध्ये आश्लेषाच्या कानाशी कुणीतरी कुरकुरलं. "आता म्हणे गणपतीनंतर. आपण काय माणसं नाही का?"

कुरकुरणारा चौथ्या मजल्यावरचा प्राणेश होता. वय बेचाळीस, हाताखाली पंधरा माणसं, आणि तोंड असं, की सावडायलाच निघालाय. शेजारी पद्माकर उभा होता. तो खाली बघत म्हणाला, "मी बुकिंग कॅन्सल केलं. मागचंच मॉडेल घेऊन टाकलं. चिपा मिळत नाहीत म्हणतात. उद्या हेही महागलं तर?"

एकादशीला कांदा खाणाऱ्याकडे बघावं, तसं प्राणेशनं त्याच्याकडे बघितलं.

आश्लेषा कोपऱ्यात मेथीच्या जुड्या सांभाळत उभी होती. तिला हसू आवरेना. घरात पाणी आलं नाही तर टँकरला फोन करायला बायको लागते, आणि इथं साता समुद्रापलीकडची एक कंपनी खेळायचा डबा वेळेत देत नाही म्हणून यांचं काळीज फाटतंय!

तो नवा गेम कन्सोल आधी दिवाळीत येणार होता. मग संक्रांतीला. मग पाडव्याला. बेंगळूरच्या सर्जापूर रोडवरच्या त्या सोसायटीत अकरा पुरुषांनी तो आगाऊ नोंदवला होता आणि 'प्रतीक्षा' नावाचा एक ग्रुपही काढला होता. प्रत्येक तारीख पुढं गेली की ग्रुपला एक तडा जाई. दोघांनी जुनं मॉडेल घेतलं, ते भित्रे ठरले. एकानं महागडा लॅपटॉप घेतला, तो गद्दार. सहाव्या मजल्यावरच्या अनुषाच्या नवऱ्यानं त्याच पैशात पळायचं मशीन आणलं. त्यावर आता अनुषा टॉवेल वाळवते. उरले ते निष्ठावंत. त्यांचा म्होरक्या आश्लेषाचाच नवरा, वादिराज.

वादिराजचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडं आलेलं. पूर्वज म्हणे तलवार घेऊन आले होते. वंशज रिमोट घेऊन बसला होता. लग्न होऊन सतरा वर्षं झाली, तरी पुण्याच्या आश्लेषाला या घरातल्या माणसांची वाट बघण्याची ताकद उमगली नव्हती. घरात तीन खोल्या. एक दोघांची, एक दहावीतल्या भार्गवीची, आणि तिसरी 'गेमिंग रूम'. तिथं बाजेएवढा टीव्ही होता आणि विमानातून उपटून आणल्यासारखी एक खुर्ची. शिवाय कन्सोलसाठी पूर्वेच्या भिंतीला सागवानी कपाट. इंटरनेटवर कुणीतरी कन्सोलची मापं फोडली होती. ती घेऊन वादिराजनं विश्वेश्वर सुताराकडून ते करून घेतलं. डबा तापू नये म्हणून दारांना जाळी, मागं वायरींसाठी भोकं, वर मंद पिवळा दिवा. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! पाडव्याला कंपनीनं तारीख तर पुढं नेलीच, वर डब्याचा आकारही बदलल्याचं कळवलं. नवा डबा त्या कपाटात शिरत नव्हता. तरी वादिराज रोज फडकं घेऊन कपाट पुसत होता.

हे सगळं नुसतं हसण्यावारी गेलं असतं. पण मधे अप्पा होते.

अप्पा म्हणजे वादिराजचे वडील, भीमाचार्य. वय अठ्ठ्याहत्तर. बायको गेल्यापासून जुन्या शहरात, चामराजपेटेत, भाड्याच्या दोन खोल्यांत एकटे राहत. मालक महिनाअखेरीला ते घर पाडणार होता. मठानं अप्पांना एक खोली देऊ केली होती. तिच्यासाठी रांग होती, म्हणून हो की नाही ते सांगा, असा निरोप आला होता. अप्पांनी दोनदा मुदत मागून घेतली. कारण विचारलं की वादिराज म्हणे, "अप्पा, एकदा तो कन्सोल येऊ दे. तो बसला की खोलीत जागा किती उरते ते कळेल. मग ठरवू."

आणि अप्पा शहाण्या गिऱ्हाइकासारखे थांबत. दिवाळीपासून थांबले होते. मठवाल्यांनी आता शेवटचं सांगितलं होतं, सोमवारी सकाळी नाव कळलं नाही तर खोली दुसऱ्याला जाईल.

आश्लेषानं ही गोष्ट ऑफिसात सांगितली होती, बहिणीला फोनवर सांगितली होती, अनुषाला तर दोनदा. "बापापेक्षा डबा मोठा झाला गं यांना," असं म्हटलं की ऐकणारी हळहळे, आणि आश्लेषाला जरा उंच झाल्यासारखं वाटे. फक्त वादिराजला तोंडावर ती हे कधी म्हणाली नव्हती. पाडव्याला तारीख पुढं गेल्याचं कळलं, तेव्हा ती त्याच्यावर भरपूर करवादली. मग स्वयंपाकघरात जाऊन लसणीची फोडणी देऊन पिठलं केलं आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. राग आला की भूक लागते, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

लिफ्टमधून बाहेर पडून तिनं दार उघडलं, तर दाराशी अप्पांच्या चपला.

रविवारची सकाळ, दोन बस बदलून म्हातारा न सांगता आला होता. वादिराज हातात कॉफीचा पेला धरून तिसऱ्या खोलीच्या उंबऱ्यात खांबासारखा उभा होता. आश्लेषानं त्याच्या खांद्यावरून आत डोकावलं. अप्पा पूर्वेच्या भिंतीपुढं उभे होते आणि हातातल्या सुतळीनं कपाटाची उंची मोजत होते.

"ये, ये आश्लेषा!" ते वळले. चेहरा असा उजळलेला, की तिला मेथीची पिशवी खाली ठेवायचं भान राहिलं नाही. "किती गुपचूप केलंत गं सगळं! मला स्वल्पसुद्धा कळू दिलं नाहीत."

"काय अप्पा?"

"हे काय! देवघर! पूर्वेची भिंत बघून केलंत, म्हणजे बसणाऱ्याचं तोंड बरोबर पूर्वेला. दारांना जाळी. समईचा धूर जायला मागं भोकंसुद्धा ठेवलीत की रे, वादी! मी मोजून बघितलं. माझी देवांची पेटी बसून वर चार बोटं उरतात." त्यांनी सुतळीवरची पेटीच्या मापाची गाठ दाखवली. "मी तिकडं उगाच मनात आणत होतो, की पोरगा टाळतोय. म्हटलं, डब्याचं निमित्त करतोय. चुकलोच मी."

बेंगळूरात एवढे सुतार, एवढी कपाटं, पण खेळण्याच्या डब्यासाठी केलेलं कपाट देवघर म्हणून ओळखायला भीमाचार्यच पाहिजेत. दुसरा कुणी असता तर आश्लेषा हसून हसून लोळली असती.

तिनं वादिराजकडे बघितलं. बोल, तिनं डोळ्यांनी सांगितलं. तूच घातलास हा घोळ. एवढं तरी कर.

वादिराज कॉफीत बघत होता.

"सरी, बरं, मग झालं तर," अप्पांनी सदऱ्याच्या खिशातून बटणांचा फोन काढला. "मठात सांगून टाकतो, खोली दुसऱ्याला द्या म्हणावं. बिचारे खोळंबलेत."

"अप्पा, एक मिनिट," वादिराजचा आवाज फुटला. "म्हणजे… ते बघू ना. इतकी घाई कशाला? गणपतीनंतर…"

"गणपतीनंतर? घर या महिन्यात पाडतायत रे."

"नाही, कंपनीनं तारीख…"

"कंपनीचा आणि देवांचा काय संबंध?"

"तोवर मठात राहा की. तात्पुरतं."

अप्पा हसले. "मठातल्या खोलीत तात्पुरतं कुणी जात नाही, वादी. माणूस तिथं गेला की तिथूनच जातो."

वादिराजनं कॉफीचा घोट घेतला. ती केव्हाच गार झाली असणार. भार्गवी आपल्या खोलीच्या दारात आली, तिघांकडे बघितलं, कानात इयरफोन खुपसले आणि परत गेली. बापाची लेक!

"तू सांग आश्लेषा," अप्पा तिच्याकडे वळले. "माझा त्रास नाही हो तुम्हाला. तुम्ही कांदा-लसूण खुशाल खा. माझं सोवळं माझ्यापाशी. सकाळी दहापर्यंत ओटा मला द्या, बास. त्या चार दिवसांत तू फक्त स्वयंपाकघराकडं येऊ नकोस, तेवढं सांभाळशील. मुलगी मोठी झालीय, तिलाही समजावशील."

आश्लेषाच्या जिभेवर वाक्य तयार होतं. गेले सहा महिने ती ते घासून पुसून ठेवत होती. अप्पा, हे देवघर नाही, तुमच्या मुलाच्या खेळण्याचा गोठा आहे. त्याला तुमच्यापेक्षा तो डबा प्यारा आहे. तिनं तोंड उघडलं. आणि तिला दहापर्यंत बंद असलेला ओटा दिसला. गॅलरीत निथळणारं ओलं धोतर दिसलं. महिन्याचे चार दिवस पुन्हा बोटांवर मोजायचे. रविवारी सोफ्यावर पाय वर घेऊन पडायचं नाही. सहा महिन्यांत तिनं एकदा, एकदा तरी, ती खुर्ची उचलून बाहेर का ठेवली नव्हती? प्रत्येक वेळी तारीख पुढं गेली की कुणाला हायसं वाटत होतं? त्या डब्याची वाट बघणारे अकराच जण नव्हते. ती बारावी होती, आणि तिची एवढीच इच्छा होती की तो कधीच येऊ नये.

अप्पा चष्मा वर करून फोनवर मठाचा नंबर शोधत होते. बारीक बटणं त्यांना नीट दिसत नव्हती. पूर्वी असं झालं की ते फोन तिच्याच हातात देत. आजही त्यांनी तो पुढं केला. "लावून दे गं जरा."

तिनं फोन घेतला. उंबऱ्यातल्या वादिराजनं कॉफीचा पेला खाली ठेवला. तो तिच्याकडे बघत होता, वाचवील या आशेनं. सतरा वर्षांत पहिल्यांदा तिला त्याची कीव आली नाही. तो अगदी आपल्यासारखाच आहे असं वाटलं.

मठाला 'नाही' म्हणून कळवलं, की खोली गेली. मग हा म्हातारा महिनाअखेरीला देवांची पेटी घेऊन या उंबऱ्यात उभा राहणार, आणि आपण त्याला आणखी एक तारीख देणार.

"मठाला नाही म्हणू नका, अप्पा," तिनं फोन त्यांच्या तळहातावर परत ठेवला आणि हात काढून घेतला नाही. "उद्या सकाळी हो म्हणा."

"का गं?"

"तो कन्सोल उद्या आला काय आणि कधीच आला नाही काय. तुम्ही आम्हाला इथं नको आहात, अप्पा. त्याला नको आहात. आणि मलाही नको आहात."